कितव्या पानावर 'तू'

पाच भाग आहेत. मी तिसऱ्यात आहे.
साडेपाचला दुकानाचं शटर पडतं,
औषधांच्या पिशव्या नावानं लावून होतात,
डेव्हिस, डेव्हिस, एव्हान्स, पुन्हा डेव्हिस,
मग घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालून
वरच्या खोलीत, पाय हीटरला टेकवून
मी मिठाच्या वाळवंटात उतरते.

(मखुन्लेथ. वेल्समधलं गाव.
नोकरी लागली तेव्हा आईनं फोनवर नाव ऐकलं,
म्हणाली, माखन ना? मग बरंय.)

गोष्ट तशी साधी.
ओर्वेन, पडलेल्या किल्ल्याची किल्लेदारीण,
उजवा गुडघा कामातून गेलेला.
आणि तिस्की, जी चोरून मीठ सीमेपार नेते
आणि खोटं बोलताना कान खाजवते.
अर्धा जळालेला नकाशा आहे.
ड्रॅगनही आहे, पण म्हातारा, त्याला ऐकू कमी येतं.
लढाया मी भराभर उलटते
(कोण कुणाच्या बाजूनं हे मला अजून धड कळलेलं नाही)
आणि थांबते तिथे, जिथे दोघी
एका घोंगडीवरून भांडतात.

वाचते इंग्रजीत, पण माझ्या आत
त्या मराठीत बोलतात,
आणि तिथेच घोडं अडतं.
इंग्रजीचं काय, एक 'यू' फेकला की झालं,
राजालाही तोच, कुत्र्यालाही तोच.
ठरवावं मला लागतं.
पहिला भागभर तिस्की 'अहो किल्लेदार' म्हणते,
चिडवायला. ओर्वेन म्हणते, 'ए चोरटे'.
दुसऱ्या भागात, नदी ओलांडून आल्यावर
ओर्वेनला वाकता येत नाही,
तिस्की चिखलात बसून तिच्या बुटाची नाडी बांधते
आणि वर न बघता विचारते,
गारठलात?
की
गारठलीस?

त्या शेवटच्या 'स'मध्ये किती बसतं.
समोरची बाई आहे, हे.
आणि ती परकी उरली नाही, हे.
आठ दिवस मी ते पान उलटलं नाही.

कराडला, होस्टेलवर, विभा नाईकनवरे
चार वर्षं मला 'अगं' म्हणायची,
'अगं, सरक की', 'अगं, झोपलीस?'
लग्नानंतर तिचं एकच पत्र आलं.
त्यात 'तुम्ही' होतं.
घरातलं कुणी वाचेल म्हणून असेल.
अक्षर मात्र तेच, ळ ला तीच उलटी गाठ.

त्या नाडीच्या ओळीशेजारी, समासात,
पेन्सिलीनं दोन रोमन अक्षरं होती.
मी त्यांचं 'ती' वाचलं.
कोण ती? दोघीही तीच.
पुस्तक परत करताना वाचनालयातल्या एलेरीला दाखवलं.
तिचे कान लाल झाले.
म्हणाली, ते मीच लिहिलंय,
माझ्या हुद्द्याच्या माणसानं लिहू नये, पण राहवलं नाही.
तो वेल्श शब्द आहे.
आमच्याकडे 'यू' दोन असतात,
एक डॉक्टरला, पाद्र्याला, नवऱ्याच्या आईला,
आणि एक हा.
इंग्रजी वाचताना मला नेहमी ठरवावं लागतं
कितव्या पानावर बदलायचं.

मी म्हटलं, मलाही.
बराच वेळ आम्ही त्या चिखलाकडे बघत होतो.
मागे एक म्हातारा पोस्टाच्या तिकिटांवरचं
जाडजूड पुस्तक घेऊन खोकत उभा.

तिसऱ्यात त्या वेगळ्या झाल्यात. ओर्वेन कैदेत,
तिस्की कान न खाजवता खोटं बोलायला शिकलीय,
ते मला आवडलेलं नाही.
वाटतं लेखिकेला गाठून सांगावं,
बाई, राज्य बुडू दे, आधी ते कुलूप उघड.

चौथा भाग आज आला. एलेरीनं तो
टेबलाखाली ठेवला होता, माझ्यासाठी.
माझं नाव तिनं चिठ्ठीवर लिहिलं होतं,
मृ असा काढला होता देवनागरीत, कुठून तरी बघून,
थोडा तिरपा, पोटात जास्त फुगलेला.
तारखेचा शिक्का मारत इंग्रजीत म्हणाली,
तीन आठवड्यांत परत आणा.

परत आण.

पुलापर्यंत चालत आले. अजून ठरत नाही.